बिल्ला छातीवर, किरण डोळ्यांवर

मुंबई, (प्रतिनिधी) - अँजिओग्राफी वा अँजिओप्लास्टीच्या खोलीत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या अंगावर शिशाचा जड ॲप्रन असतो आणि त्या ॲप्रनच्या आत, छातीशी, एक छोटासा बिल्ला लावलेला असतो. दर तीन महिन्यांनी हा बिल्ला तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो, त्याचा अहवाल येतो आणि मात्रा मर्यादेत असल्याचे पाहून तो फाईलला लावला जातो. हा अहवाल खोटा नसतो. मात्र तो ॲप्रनच्या आड सुरक्षित असलेल्या छातीचा असतो. त्याच ॲप्रनच्या वर, उघड्यावर राहिलेल्या डोळ्यांना किती किरण लागले, याविषयी तो अवाक्षरही सांगत नाही. किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

हा प्रश्न आता केवळ मोठ्या, नामवंत रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. एकेकाळी हृदयाच्या अशा तपासण्यांसाठी उपनगरांतील रुग्णांना परळ, मुंबई सेंट्रलकडे धाव घ्यावी लागे. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या प्रत्येक उपनगरात कॅथ लॅब आहेत. याखेरीज मोडलेले हाड बसवताना क्ष-किरणांचे चलच्चित्र दाखवणारे 'सी-आर्म' यंत्र मध्यम आकाराच्या नर्सिंग होममध्येही असते. मूत्रमार्गातील खडे काढणारे शल्यविशारद, मणक्याच्या वेदनांवर इंजेक्शन देणारे भूलतज्ज्ञ, पित्तनलिकेची एंडोस्कोपी करणारे पोटविकारतज्ज्ञ हे सारे याच किरणांच्या शेजारी उभे राहून काम करतात. त्यांच्यासोबत सिस्टर, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉयही असतात. छातीची एक फिल्म काढताना तंत्रज्ञ भिंतीआड जातो आणि क्षणात काम संपते. इथे मात्र रुग्णाच्या देहात तार सरकत असताना किरण वारंवार सुरू करावे लागतात आणि काम करणाऱ्याला टेबलापासून दूर जाता येत नाही.

भिंगाचा नाजूक स्वभाव

डोळ्यातील भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो. या थराच्या कडेला नव्या पेशी जन्म घेतात, लांबत जाऊन पारदर्शक तंतू बनतात आणि भिंगात थरावर थर चढत राहतात. ही प्रक्रिया आयुष्यभर चालू असते. शरीरातील इतर अवयव निकामी पेशी टाकून देऊ शकतात, भिंगाला मात्र ती सोय नाही. आत आलेली पेशी, चांगली असो वा बिघडलेली, आतच राहते. किरणांनी जखमी झालेल्या पेशी नीट तंतू न बनता हळूहळू भिंगाच्या मागच्या टोकाकडे सरकतात आणि तेथे आवरणाखाली साचून धूसर ठिपका तयार करतात. म्हातारपणी होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या गाभ्यात वा कडेच्या थरात सुरू होतो. किरणांमुळे होणारा मोतीबिंदू प्रामुख्याने या मागच्या बाजूला आढळतो. मधुमेहात किंवा स्टेरॉईड औषधांच्या दीर्घ वापरातही मागच्या बाजूला असा ठिपका येऊ शकतो, त्यामुळे केवळ जागेवरून कारणाचा निकाल लावता येत नाही.

हा ठिपका दृष्टीच्या वाटेत बरोबर मध्यभागी येतो. त्यामुळे तो लहान असला तरी त्रास देतो. उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात, म्हणजे बाहुली आकुंचन पावते तेव्हा, डोळे दिपतात आणि जवळचे वाचताना अक्षरे पुसट होतात. पण हे सारे किरण लागल्यानंतर काही वर्षांनी घडते. मात्रा जितकी कमी तितका हा अवधी लांबतो. त्यामुळे आजचे निष्काळजी काम आणि पंधरा वर्षांनंतरचा धूसरपणा यांचा संबंध ज्याचा त्यालाही जोडता येत नाही.

क्ष-किरणांचा शोध १८९५चा. त्यानंतर दोनच वर्षांत सशांच्या डोळ्यांवर या किरणांचा परिणाम होऊन मोतीबिंदू झाल्याचे निरीक्षण नोंदवले गेले. १९४९मध्ये अमेरिकेतील सायक्लोट्रॉन यंत्रांवर काम केलेल्या तरुण पदार्थवैज्ञानिकांना मोतीबिंदू झाल्याचे प्रसिद्ध झाले. तरीही पुढची अनेक दशके असा समज राहिला की, दृष्टीला बाधा आणणारा मोतीबिंदू व्हायला बरीच मोठी मात्रा लागते. एकाच वेळी ५ ग्रे किंवा दीर्घकाळात ८ ग्रेहून अधिक, असे आकडे आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये दिले जात. (क्ष-किरणांच्या बाबतीत एक ग्रे आणि एक सिव्हर्ट हे आकडे व्यवहारात सारखेच धरता येतात.) वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट ही डोळ्यांसाठीची मर्यादा याच समजावर उभी होती.

सहा दिवसांचे अंतर

हा समज ढासळला तो हळूहळू. हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुस्फोटांतून वाचलेल्यांच्या डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर साफसफाईच्या कामावर गेलेल्या आठ हजारांहून अधिक कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. एक ग्रेहून कमी मात्रेतही भिंगात धूसरता येते, असे त्यातून पुढे आले.

रुग्णालयांच्या दृष्टीने सर्वांत बोलके ठरले ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, २००८मध्ये सुरू झालेले सर्वेक्षण. दिल्लीच्या एम्समधून या संस्थेत गेलेले भारतीय वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक मदन रेहानी यांचा त्यात पुढाकार होता. हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदांच्या ठिकाणीच नेत्रतपासणीची सोय करायची आणि येणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे डोळे तपासायचे, अशी ही साधी कल्पना होती. कोलंबियातील बोगोटा येथे तपासलेल्या हृदयरोगतज्ज्ञांपैकी ३८ टक्क्यांच्या आणि परिचारिका-तंत्रज्ञांपैकी २१ टक्क्यांच्या भिंगात मागच्या बाजूला धूसरता आढळली. किरणांशी संबंध नसलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. मलेशियातील क्वालालंपूर येथे ५६ हृदयरोगतज्ज्ञांपैकी २९, अकरा परिचारिका-तंत्रज्ञांपैकी ५ आणि किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांपैकी केवळ २ जणांत अशी धूसरता दिसली. हे गट लहान आहेत आणि धूसरता आढळली म्हणजे दृष्टी गेली असेही नव्हे. पण आकड्यांमधील तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुढे फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासातही हृदयरोगतज्ज्ञांत १७ टक्के आणि इतरांत ५ टक्के असे प्रमाण आढळले. शिशाच्या काचेचा चष्मा नियमित वापरणाऱ्यांत हा धोका कमी दिसला, ही त्यातील दिलासा देणारी बाब.

या साऱ्याचा परिणाम म्हणून २१ एप्रिल २०११ रोजी किरणोत्सर्ग संरक्षणविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने आपली भूमिका बदलली. मोतीबिंदूसाठीची उंबरठा-मात्रा अर्धा ग्रे धरावी आणि डोळ्यांसाठीची मर्यादा १५०वरून वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणावी, असे आयोगाने सुचवले. ही सरासरी पाच वर्षांची धरायची आणि कोणत्याही एका वर्षात ५०च्या वर जायचे नाही.

योगायोग असा, की त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २७ एप्रिल २०११ रोजी, भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मात्रा-मर्यादांविषयीचा आपला निर्देश जारी केला. संपूर्ण शरीरासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, अशी आंतरराष्ट्रीय आकड्यापेक्षाही कडक मर्यादा त्यात घालण्यात आली होती. डोळ्यांसाठी मात्र त्यात वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट हाच जुना आकडा होता. १९८३मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय, नियामक भवन, अणुशक्तीनगरात म्हणजे घाटकोपरपासून काही किलोमीटरवरच आहे. देशभरातील क्ष-किरण यंत्रांच्या परवान्यांचा कारभार तेथून चालतो.

दोन आकड्यांतील फरक समजून घेण्यासाठी साधा गुणाकार पुरेसा आहे. वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट घेणारा माणूस कोणताही नियम न मोडता चार वर्षांच्या आत अर्ध्या ग्रेचा उंबरठा ओलांडतो. वर्षाला २० घेणाऱ्याला तेथे पोहोचायला २५ वर्षे लागतात. युरोपीय संघाने नवी मर्यादा २०१३च्या निर्देशात घालून तिच्या अंमलबजावणीसाठी फेब्रुवारी २०१८ची मुदत दिली. जपानमध्ये ती एप्रिल २०२१पासून लागू झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय परिषदेने २०१६मध्ये वर्षाला ५० मिलिग्रेची मधली वाट सुचवली. आकड्यांवरील हा वाद शास्त्रज्ञांत पुढेही चालेल. तथापि कायद्यातील मर्यादा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे. मात्रा शक्य तितकी कमी ठेवणे हे किरणसुरक्षेचे मूळ तत्त्व आहे आणि एखाद्या रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०चा आकडा स्वतःहून पाळायचे ठरवले, तर त्याला कोणताही नियम आडवा येत नाही.

किरण येतात कुठून?

पुष्कळांचा असा समज असतो की, धोका यंत्राच्या नळीतून निघणाऱ्या किरणांचा आहे. तो शलाका रुग्णावर रोखलेली असल्याने काम करणारा सहसा तिच्यात येत नाही. त्याच्या डोळ्यांवर येतात ते रुग्णाच्या शरीरावर आपटून इतस्ततः विखुरलेले किरण. म्हणजे कॅथ लॅबमध्ये डॉक्टरांच्या दृष्टीने किरणांचा उगम खुद्द रुग्णच असतो. रुग्ण जितका स्थूल, तितके यंत्र अधिक जोराने किरण सोडते आणि तितके ते अधिक विखुरतात.

नळी टेबलाच्या खाली असेल तर विखुरलेल्या किरणांचा मोठा भाग खालच्या दिशेने, डॉक्टरांच्या पायांकडे जातो. तीच नळी वर आणि चित्र टिपणारा भाग खाली असेल, तर किरणांचा रोख तोंडाकडे होतो. हाडांच्या शस्त्रक्रियांत सोयीसाठी सी-आर्म अनेकदा उलटा केला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. डोळ्यांच्या मात्रेत एवढा फरक पाडणारी आणि एक पैचाही खर्च नसलेली दुसरी बाब क्वचितच सापडेल. चित्र टिपणारा भाग रुग्णाच्या शरीराशी जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवणे, किरणांची खिडकी आवश्यक तेवढीच उघडणे, सेकंदाला १५ऐवजी साडेसात चित्रे घेणे, पायाखालचे पेडल नजर पडद्यावर असतानाच दाबणे या गोष्टीही तशाच बिनखर्चाच्या. चित्रांची संख्या निम्म्यावर आणल्यास मात्रा साधारण त्याच बेताने उतरते. यातील प्रत्येक उपायाने रुग्णालाही कमी किरण लागतात.

अंतराचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे एक चतुर्थांश होते. ज्या डॉक्टरच्या हातात कॅथेटर आहे त्याला मागे सरकता येत नाही, पण औषध हाती देऊन झालेल्या परिचारिकेला दोन पावले मागे जाता येते. रंगद्रव्य सोडून चित्रमालिका घेतली जाते, तेव्हा किरणांचा जोर सर्वाधिक असतो. त्या काही सेकंदांपुरते सर्वांनी मागे व्हावे, हा संकेत चांगल्या लॅबमध्ये पाळला जातो. रुग्णाच्या डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञाचा मात्र बहुतेकदा सर्वांना विसर पडतो.

छताची काच आणि नाकावरची काच

डोळ्यांच्या संरक्षणाची साधने दोन. पहिले, छताला टांगलेली शिसेयुक्त पारदर्शक काच. नियामक मंडळाच्या २०१६च्या वैद्यकीय क्ष-किरण संहितेने अशा शस्त्रक्रियांच्या खोल्यांत ही काच आणि टेबलाला लटकणारी शिसेयुक्त रबराची झालर यांना संरक्षण-साधनांत स्थान दिले आहे. काच योग्य जागी, म्हणजे रुग्णाच्या शरीराशी जवळ आणि डॉक्टरचा चेहरा व किरण पडणारी जागा यांच्या मध्ये आणली, तर डोळ्यांची मात्रा दहा पटींनी वा त्याहूनही कमी होते. अडचण अशी की, यंत्राची भुजा फिरली की काच पुन्हा हलवावी लागते. घाईच्या वेळी ती बाजूला सारली जाते आणि बाजूलाच राहते. छताला काच आहे, म्हणून संरक्षण आहे, असे मानणे तपासणीच्या कागदापुरते ठीक.

दुसरे साधन चष्मा. त्याच्या काचेत अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर शिशाइतकी रोधकता असते. प्रयोगशाळेत समोरून किरण सोडून पाहिले तर ही काच त्यांतील बहुतांश अडवते. प्रत्यक्षात मात्र हा लाभ अनेकदा दोन ते पाच पटींवरच येतो. याचे कारण काचेत नसून मानेत आहे. काम करणाऱ्याची नजर रुग्णाकडे नसते, ती बाजूच्या पडद्यावर असते. त्यामुळे किरण समोरून न येता कडेने आणि खालून येतात. चष्मा आणि गाल यांच्यामधील फट हीच त्यांची वाट. शिवाय डोक्यावर आपटून परत फिरणारे किरणही डोळ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून चष्मा घेताना काचेच्या जाडीपेक्षा तो चेहऱ्याला किती बिलगतो हे पाहावे. बाजूला शिसेयुक्त पट्ट्या असाव्यात, काच मोठी असावी आणि खालची कड गालाला टेकावी. डॉक्टर बहुधा रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहतात आणि किरणांचा उगम त्यांच्या डाव्या हाताला येतो, त्यामुळे डाव्या डोळ्याला जास्त मात्रा लागते. डावीकडची पट्टी मोडलेला चष्मा तसाच वापरत राहणे, हे म्हणूनच धोक्याचे.

खुंटीला टांगलेला, सर्वांनी मिळून वापरायचा एकच चष्मा कोणाच्याच नाकावर नीट बसत नाही. तो जड असतो, घामाने घसरतो आणि मग कपाळावर चढतो. ज्यांना नंबरचा चष्मा लागतो त्यांची अडचण आणखी वेगळी. साध्या चष्म्यावर शिशाचा चष्मा चढवणे त्रासाचे होते आणि साध्या चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या काचा क्ष-किरणांना जवळपास अडवतच नाहीत. नंबर घालून बनवलेले शिसेयुक्त चष्मे मिळतात, ते महागही असतात. परंतु यंत्राच्या किमतीशी तुलना केली, तर हा खर्च अगदीच किरकोळ ठरतो. तो डॉक्टरांसाठी होतो आणि सिस्टर-वॉर्डबॉयसाठी होत नाही, हे मात्र समजण्यासारखे नाही. किरण हुद्दा पाहून विखुरत नाहीत.

बिल्ल्याची गोष्ट

भारतात वापरला जाणारा बिल्ला तुर्भ्याच्या, म्हणजेच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केला. १९७५च्या सुमारास त्याने जुन्या फिल्मच्या बिल्ल्याची जागा घेतली. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एक धातूच्या पत्र्याआड, एक प्लॅस्टिकआड आणि एक उघडी. किरणांनी दिलेली ऊर्जा या चकत्या धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की ती प्रकाशाच्या रूपाने सोडतात. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. तीन चकत्यांच्या तुलनेवरून किरणांचा प्रकारही कळतो. हे काम केंद्राखेरीज त्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळाही करतात. गोरेगावची रेनेनटेक लॅबोरेटरीज ही त्यांपैकीच एक. देशभरातील कर्मचाऱ्यांच्या मात्रांची नोंद केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

या व्यवस्थेत दोष नाही. तिला विचारलेला प्रश्न अपुरा आहे. ॲप्रनच्या आतील बिल्ला शरीराची मात्रा मोजण्यासाठी आहे आणि ते काम तो चोख करतो. डोळ्यांचा अंदाज हवा असेल तर गळपट्टीपाशी, ॲप्रनच्या बाहेर, डाव्या बाजूला दुसरा बिल्ला लावावा लागतो. त्याहून अचूक हवे असेल तर कपाळपट्टीवर, डोळ्याच्या शेजारी लावायचे खास मापक असते. भिंग पृष्ठभागापासून साधारण तीन मिलिमीटर आत असल्याने ते त्या खोलीवरील मात्रा दाखवते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३मध्ये यासंबंधीचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. प्रत्येकाला कायम असे मापक लावण्याची गरज नसते. दोन-तीन महिने मोजून पाहिले तरी कोणत्या खोलीत, कोणत्या कामात डोळ्यांना किती लागते याचा अंदाज येतो.

समजा, संरक्षणाविना एका अँजिओप्लास्टीत डोळ्याला ५० मायक्रोसिव्हर्ट लागले. वर्षाला अशा चारशे शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्रा २० मिलिसिव्हर्ट होते, हजार करणाऱ्याची ५०. त्याच वेळी ॲप्रनच्या आतील बिल्ला एखाद-दुसरा मिलिसिव्हर्ट दाखवत असेल. दोन्ही आकडे एकाच माणसाचे.

उपनगरांतील आणखी एक वास्तव येथे नोंदवायला हवे. अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञ सकाळी एका रुग्णालयात, दुपारी दुसऱ्यात आणि आठवड्यातून एकदा तिसऱ्यात काम करतात. बिल्ला मात्र एकाच ठिकाणच्या कपाटात राहिला, तर तीन ठिकाणच्या किरणांची बेरीज कोणाच्याच नोंदीत येत नाही. अहवाल जास्त आला तर चौकशी होईल, काम थांबेल, या भीतीने बिल्ला मुद्दाम काढून ठेवणे हाही प्रकार जगभर आढळला आहे. त्यात फसवणूक होते ती स्वतःचीच.

तुर्भे, मरोळ आणि रस्त्याकडेची ठिणगी

क्ष-किरणांखेरीज इतर किरणांपासूनही डोळ्यांना धोका असतो आणि प्रत्येकाचे संरक्षण वेगळे. अणुभट्टीच्या वा किरणोत्सारी द्रव्यांच्या कामात बीटा कणांचा विचार करावा लागतो. तुर्भ्याला १९५६पासून, 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली तेव्हापासून, अशा कामांचा अनुभव आहे. बीटा कण अडवायला शिसे लागत नाही. सुमारे एक सेंटिमीटर जाड प्लॅस्टिक जोरकस बीटा कणही थोपवते आणि कमी ऊर्जेच्या कणांना चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल पुरते.

अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेसरचे युग अवतरले आहे. दागिन्यांचे सांधे जोडणाऱ्या यंत्रांत वापरला जाणारा एनडी-याग लेसर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटते, डोळे मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होत नाही आणि क्षणार्धात कायमचा डाग पडतो. यावर त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा लागतो. यंत्राचे झाकण उघडे ठेवून काम करण्यासाठी सुरक्षा-कळ बांधून ठेवण्याची युक्ती म्हणूनच जीवघेणी नसली तरी दृष्टिघेणी आहे.

आणि वेल्डिंग. साकीनाक्याच्या गाळ्यांत, भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, इमारतींच्या ग्रिलवर आणि मेट्रोच्या खांबांखाली निळी ठिणगी रोज उडते. तिच्यातील अतिनील किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. बटाट्याचे काप ठेवण्याचा घरगुती उपाय सर्रास केला जातो. त्याच्या गारव्याने बरे वाटते, पण भाजलेल्या पडद्याला जंतुसंसर्ग होण्याचा धोका त्याने वाढतो. औषधाच्या दुकानातून आणलेले बधिर करणारे थेंब वारंवार घालणे त्याहून वाईट, कारण त्याने जखम भरून येत नाही. एक-दोन दिवसांत हा त्रास ओसरतो, म्हणून तो क्षुल्लक मानला जातो. परंतु वेल्डिंगच्या अतिनील किरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७मध्ये डोळ्यातील मेलॅनोमा या कर्करोगाचे कारण ठरवले आहे.

यासाठी विजेच्या वेल्डिंगला साधारण १० ते १३ क्रमांकाची गडद काच लागते, गॅसच्या कामाला पाचच्या आसपास पुरते. शिशाचा चष्मा येथे कुचकामी, आणि वेल्डिंगचा मुखवटा क्ष-किरणांपुढे. उन्हाचा काळा चष्मा तर कशालाच चालत नाही. वेल्डरच्या हातात निदान ढाल असते, पण सळई धरणारा मदतनीस हाताने डोळे झाकतो वा तोंड फिरवतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३५ अशा कामात प्रत्यक्ष काम करणाऱ्याबरोबरच लगतच्या माणसांसाठीही पडदे वा चष्मे देण्याविषयी होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०ने घेतली. चार-पाच माणसांचा गाळा मात्र जुन्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नव्हता आणि नव्या संहितेच्या कक्षेतही सहसा येत नाही.

तपासणी आणि भरपाई

किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांची नोकरीवर घेताना आणि पुढे किमान दर तीन वर्षांनी वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत करण्यात आली. डोळ्यांच्या बाबतीत ही तपासणी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापुरती राहिली, तर तिचा उपयोग नाही. मागच्या बाजूचा ठिपका सुरुवातीला तक्त्यावर दिसूनच येत नाही. बाहुली थेंबांनी मोठी करून, स्लिट-लॅम्पखाली, भिंगाची मागची बाजू पाहावी लागते. पाच-दहा मिनिटांचे हे काम कोणताही नेत्रतज्ज्ञ करू शकतो, मात्र 'किरणांच्या कामावर आहे, मागची बाजू पाहा' असे त्याला सांगितले गेले पाहिजे.

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो, मग एवढा बाऊ कशाला, असेही विचारले जाते. शस्त्रक्रिया यशस्वी होते हे खरे. पण चाळिशीत नैसर्गिक भिंग काढले की, जवळ-दूर नजर सहज बदलण्याची उरलीसुरली क्षमताही जाते, आणि केसाएवढ्या तारेवर नजर ठेवून जगणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते.

भरपाईचा मार्ग कागदावर आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आयनीभवन घडवणाऱ्या किरणांमुळे होणारे रोग आणि भट्टीसारख्या ठिकाणच्या अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू, हे दोन्ही व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले होते. त्या कामात सलग सहा महिने काढले असतील तर आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०ने घेतली असून, तिच्याही तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे.

मात्र दावा करायचा तर कागद हवेत. नोकरीच्या पहिल्या दिवसांतील नेत्रतपासणीचा अहवाल, राष्ट्रीय नोंदवहीतील आपला क्रमांक, प्रत्येक नोकरी सोडताना घेतलेला मात्रांचा उतारा आणि गळपट्टीवरच्या बिल्ल्याची किंवा डोळ्याच्या मापकाची एखादी तरी नोंद, हे चार कागद ज्याच्याजवळ आहेत त्याचे म्हणणे ऐकले जाईल. ज्याच्याजवळ केवळ छातीवरच्या बिल्ल्याचे 'मर्यादेत' असे शेरे आहेत, त्याचा मोतीबिंदू वयाच्या किंवा मधुमेहाच्या खात्यावर मांडला जाण्याचीच शक्यता अधिक.